सामायिक कार्यालयात झाडे लावताना : सोलापुरातील नवख्यांसाठी

कर सल्लागार, गणवेशाच्या कारखान्याच्या ऑर्डरी सांभाळणारे, पुण्याच्या कंपनीचे काम इथे बसून करणारे संगणक अभियंते अशी वेगवेगळ्या व्यवसायांची माणसे एकाच हॉलमध्ये टेबले मांडून बसतात, अशी कार्यालये सोलापुरातही आता नवीन राहिलेली नाहीत. भाडे सगळ्यांचे असते, पण हॉल कोणाचाच नसतो. अशा जागेत झाडे आणावीत असे कोणाच्या तरी मनात येते आणि ती व्यक्ती थेट नर्सरी गाठते. माझेही तसेच झाले. एका शनिवारी मी हौसेने अकरा कुंड्या आणल्या, आणि तोही मे महिना. जूनअखेर त्यातल्या तीन उरल्या. मेलेल्या आठ कुंड्या उपसून पाहिल्या तेव्हा पाण्यावाचून वाळलेली त्यात एकही नव्हती. सगळ्यांची मुळे काळी पडून कुजली होती, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण बाटलीतले उरलेले पाणी प्रेमाने त्यांत ओतत होता. नर्सरीवाल्या अण्णांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मॅडम, पाण्याला एकच माणूस ठेवा. चार हात लागले की झाड जातंय बघा."

पुढे जे लिहिले आहे ते त्या क्रमाने करावे. नर्सरी पाचव्या पायरीवर येते, आणि ते मुद्दामच तसे ठेवले आहे.

पहिली पायरी : झाडांकडून काय मागायचे ते ठरवा

झाडे हवा शुद्ध करतात, हा समज बहुतेकांच्या मनात पक्का असतो. त्याचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या एका अहवालात आहे. बिल वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाबंद पेट्यांमध्ये घरगुती झाडे ठेवून बेंझीन, फॉर्मल्डिहाइड यांसारख्या वायूंचे प्रमाण कमी होते, असे दाखवले होते. प्रयोग खोटा नव्हता, पण आपला हॉल हवाबंद पेटी नाही; दार दिवसातून शंभर वेळा उघडते आणि खिडकीच्या फटीतून हवा सतत बदलत असते. ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज आणि वॅरिंग या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडे लागतील, असे निघाले. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या, सुमारे ५६ चौरस मीटरच्या हॉलमध्ये कमीत कमी ५६० कुंड्या. माणसांनी बसायचे कुठे? हवा कोंदट वाटत असेल तर सकाळी अर्धा तास समोरासमोरच्या खिडक्या उघडा. ते काम कुंडीवर सोपवू नका.

थंडाव्याचेही तसेच आहे. पान बाष्प सोडते हे खरे, पण आपण जेवढे पाणी घालतो त्याहून जास्त पाणी ते हवेत सोडू शकत नाही. बारा कुंड्यांना उन्हाळ्यात आठवड्याला सुमारे १० लिटर पाणी लागते, म्हणजे दिवसाला दीड लिटरच्या आत. उलट हॉलमधला एक कूलर दिवसाकाठी कित्येक बादल्या रिचवतो. त्यामुळे झाडे आणल्यावर कूलर बंद करता येईल, असे कोणी सांगितले तर ते हसून सोडून द्यावे. रात्री झाडे कर्बवायू सोडतात म्हणून ती बंद खोलीत घातक असतात, ही भीतीही अशीच सोडावी. शेजारी बसलेला एक माणूस त्याहून कितीतरी जास्त कर्बवायू सोडत असतो.

मग झाडे आणायची कशासाठी? नजरेसाठी आणि मनासाठी, आणि इथे मात्र पुरावा बराच बोलका आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने मांडलेले स्पष्टीकरण असे, की संगणकावरचे काम आपल्याकडून ओढून-ताणून लक्ष मागते आणि ते लक्ष थकते; पाने, फांद्या, हलणारी सावली यांच्याकडे मात्र लक्ष विनासायास जाते आणि तेवढ्या वेळात थकलेले लक्ष सावरते. २०१४ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील कार्यालयांत झालेल्या अभ्यासात, ओक्याबोक्या कार्यालयात झाडे आणल्यावर उत्पादकता १५ टक्के वाढल्याचे नोंदवले गेले. हा आकडा आपल्या हॉलला जसाच्या तसा लावू नये, कारण ती कार्यालये आधी मुद्दाम रिकामी ठेवलेली होती आणि तिथले हवामान निराळे. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, ती म्हणजे झाडे कर्मचाऱ्याला जागेवरून दिसत होती.

दुसरी पायरी : आधी माणसांना विचारा

हॉलमधल्या प्रत्येकाला झाडे हवीच असतील, असे गृहीत धरू नका. कोणाला दमा असतो आणि सतत ओल्या राहणाऱ्या मातीवरच्या बुरशीचा त्यांना त्रास होऊ शकतो. कोणाला चिलटांची चीड असते. काटेरी झाड कार्यालयात नको, असे मानणारेही असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, निवडुंगावाचून काही अडत नाही. जागामालकाची परवानगी घ्यावी. आणि सर्वांत आधी, सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या मावशींशी बोलावे, कारण सांडलेली माती आणि ताटलीतून ओघळलेले पाणी शेवटी त्यांच्याच वाट्याला येते. आमच्याकडे मावशींनी एकच अट घातली, जमिनीवरच्या कुंड्यांना चाके हवीत. ती अट मान्य केली म्हणून गेली दोन वर्षे आमच्या कुंड्यांखाली जाळे दिसलेले नाही.

याच वेळी प्रत्येकाला चार साधे प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत : दुपारी चारनंतर डोळे जड होतात का, समोरच्याची नजर सतत आपल्यावर आहे असे वाटते का, हॉल कोरडा-रखरखीत वाटतो का, आणि मान वर केली की काय दिसते. तीन महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत. पहिली फेरी मेमध्ये आणि दुसरी ऑगस्टमध्ये घेऊ नका. सोलापूरचा मे संपल्यावर माणूस झाडांशिवायही सुखीच असतो. झाडे आणण्यास योग्य काळ जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचा. मार्च ते मे नवीन रोप आणू नये, ते मुळे धरण्याआधीच होरपळते.

तिसरी पायरी : उजेड मोजा

सोलापुरात उन्हाला तोटा नाही, त्यामुळे घरातही उजेड पुरेसा असेल असे वाटते. आपल्या डोळ्यांची यात फसगत होते. भर दुपारच्या उघड्या उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास असते, तर कार्यालयातल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड आला तरी आपल्याला लख्ख वाटते. झाडाच्या दृष्टीने ती जवळपास संध्याकाळ असते.

मोजायला यंत्र नको. दुपारी बाराच्या सुमारास, हॉलमधले दिवे बंद करून, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर पंजा धरा. बोटे वेगळी मोजता येतील अशी ठसठशीत सावली पडली तर उजेड भरपूर. कडा पुसट पण पंजा ओळखू येतो असे असेल तर मध्यम. नुसता करडा डाग दिसला तर कमी. आणि काहीच पडले नाही तर तिथे झाडाऐवजी चित्र लावावे. हॉलचा नकाशा काढून त्यावर या खुणा करा. पश्चिमेच्या खिडकीला वेगळी खूण हवी. मार्चपासून तिथली काच दुपारनंतर इतकी तापते, की काचेला टेकलेले पान भाजल्यासारखे तपकिरी होते. तिथे कुंडी हातभर मागे ठेवावी आणि मध्ये पांढरा सुती पडदा असावा.

नकाशा काढताना खिडकीबाहेरही पाहा. बाहेर कडुनिंब असेल आणि तुमची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून मांडलेली असेल, तर आधी खुर्ची फिरवा. एक पैसा न खर्चता निम्मे काम तिथेच होते.

चौथी पायरी : पाण्याची सोय

या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि साठवणीचा हिशेब घरोघरी असतो, म्हणून झाडे आणण्याआधी पाणी कुठून येणार हे ठरलेले हवे. बारा कुंड्यांना आठवड्याला बादलीभर पाणी पुरते, तेव्हा प्रश्न प्रमाणाचा कमी आणि प्रतीचा जास्त आहे.

बहुतेक कार्यालयांत पाणी शुद्ध करणारे यंत्र असते आणि त्याच्या वाया जाणाऱ्या नळीखाली कोणीतरी बादली लावलेली असते. पाणी वाचवण्याची ही वृत्ती चांगली, पण ते पाणी कुंडीत घालू नये. मूळ पाण्यातले क्षार त्यात गोळा झालेले असतात, आणि कुंडीतून त्यांना बाहेर जायला वाट नसते. काही महिन्यांत मातीवर पांढरी साय धरते आणि पानांची टोके जळतात. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासाला वापरावे. कूलरच्या टाकीच्या तळाचे पाणीही याच जातीचे, कारण तिथे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षारविरहित असते आणि कुंड्यांना चांगले मानवते. अडचण इतकीच, की मेमध्ये, झाडांना गरज जास्त असते तेव्हा, आपल्या कोरड्या हवेमुळे ते अगदीच थोडे निघते. तेव्हा साधे नळाचे पाणी वापरावे आणि पावसाळ्यात एकदा कुंड्या गच्चीवर नेऊन पावसात चांगल्या भिजू द्याव्यात, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात.

साठवलेली बादली झाकलेली हवी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. कुंडीखालची ताटली आणि मनीप्लांटची बाटली हे दोन्ही त्याचे आवडते ठिकाण. दर सोमवारी ताटल्या रिकाम्या करून कापडाने पुसाव्यात, नुसत्या उपड्या करून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. बाटलीतल्या मनीप्लांटची मला तर धास्तीच वाटते. सामायिक जागेत ती मातीतच लावावी.

पाचवी पायरी : झाडे निवडा

आता नकाशा घेऊन नर्सरीत जा. कमी उजेडाच्या खुणेसाठी स्नेक प्लांट, झेडझेड आणि अॅग्लोनिमा ही तीन पुरेशी आहेत. पहिली दोन पाणी साठवून ठेवणारी असल्याने उन्हाळ्यातही दहा-बारा दिवसांनी एकदा पाणी चालते, आणि सोलापूरला हा गुण मोठाच. मध्यम उजेडात मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. भरपूर उजेडात अरेका पाम आणि रबर प्लांट. अरेका दिसायला देखणा, पण कोरड्या हवेत त्याची टोके वाळतात, म्हणून तो कूलरच्या हॉलमध्ये एसीच्या हॉलपेक्षा सुखात राहतो. तुळस आणि कोरफड यांना ऊन लागते. श्रद्धेने टेबलावर ठेवलेली तुळस महिन्याभरात काड्या होते आणि मग सगळ्यांनाच वाईट वाटते.

मनीप्लांट, अॅग्लोनिमा, सिंगोनियम ही सगळी अळूच्या कुळातली आहेत. अळू ज्या स्फटिकांमुळे खाजतो तेच यांच्या पानांत असतात, त्यामुळे कार्यालयात कोणाची लहान मुले येत असतील तर या कुंड्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

पहिल्या खेपेला पाचच कुंड्या घ्याव्यात : दोन मोठ्या, तीन लहान. नर्सरीवाला चौदा घ्यायला लावेल.

सहावी पायरी : माती

आपल्या भागातली काळी माती ज्वारीला सोने असली तरी कुंडीत ती चालत नाही. ओली झाली की चिकट होऊन मुळांची हवा कोंडते, वाळली की भेगा पडून कडेने पाणी सरळ खाली निघून जाते. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करावे. स्नेक प्लांट आणि झेडझेडसाठी त्यात एक भाग जाड वाळू वाढवावी. कच्चे शेणखत बंद हॉलमध्ये आणू नये. आणल्यास दुसऱ्या दिवशी कारण सांगावे लागत नाही.

सातवी पायरी : कुठे ठेवायची

झाड कोपऱ्यात ढकलून ठेवले की ते फक्त येणाऱ्या पाहुण्याला दिसते. आपल्याला ते काम करणाऱ्याच्या नजरेत हवे आहे. प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून मान वर करून पाहावे. हे हास्यास्पद वाटेल, पण याला पर्याय नाही. डोळ्यांचे डॉक्टर दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहायला सांगतात, आणि पाहायला काही नसल्यामुळेच तो नियम कोणी पाळत नाही. मोठी कुंडी हॉलच्या दूरच्या टोकाला, जास्तीत जास्त खुर्च्यांवरून दिसेल अशी ठेवली की नजर तिकडे आपोआप जाते. दुसरी मोठी कुंडी समोरासमोरच्या दोन टेबलांच्या मध्ये उभी करावी. आवाज त्याने फारसा अडत नाही, पण नजरेला आडोसा मिळतो, आणि खुल्या हॉलमध्ये बसणाऱ्याला त्याचे मोल कळते. एसीच्या झोताखाली, विजेच्या बोर्डाजवळ, यूपीएसवर आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर कुंडी कधीही नको.

आठवी पायरी : जबाबदारी वाटा

माझ्या मते सगळे यश-अपयश इथे ठरते. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. दोन्ही गटांतील वृद्धांना रोप मिळाले. पण एका गटाला ते स्वतः सांभाळायचे होते आणि रोजच्या काही गोष्टी स्वतः ठरवायच्या होत्या, तर दुसऱ्या गटाच्या रोपाला परिचारिका पाणी घालत. पहिल्या गटातील माणसे अधिक उत्साही आणि सजग झाली. रोप दोघांकडे सारखेच होते. जपानमध्ये ६३ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासातही प्रत्येकाने आपले छोटे रोप स्वतः निवडले होते, आणि थकवा वाटला की तीन मिनिटे त्याच्याकडे पाहायचे होते. त्यांतील काहींच्या नाडीचे ठोके त्या वेळात कमी झाले.

म्हणून तीन लहान कुंड्या, ज्यांनी स्वतःहून मागितल्या त्यांच्याच टेबलावर द्याव्यात, आणि कोणती घ्यायची हे त्यांनाच ठरवू द्यावे. दोन मोठ्या कुंड्यांसाठी एक जण मुख्य आणि एक जण त्याच्या गैरहजेरीत, अशी दोनच नावे असावीत. भिंतीवर एक कागद लावून पाणी घातल्याची तारीख लिहावी. बाकीच्यांनी पाने पुसावीत, गप्पा माराव्यात, पाणी मात्र घालू नये. आमच्या कागदावर तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत 'पाणी घालू नका' लिहिलेले आहे.

घालणाऱ्याने वार पाहून नव्हे, माती पाहून घालावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. टोकाला गारवा लागला तर आज नको. कोरडे लागले तर तळाच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत सावकाश घालावे आणि अर्ध्या तासाने ताटली रिकामी करावी. पावसाळ्यात हा अवधी आपोआप दुप्पट होतो.

नववी पायरी : पहिले तीन महिने

नर्सरीतून आणलेले झाड पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खालची काही पाने टाकते. घाबरून खत घालू नये; दोन महिने खताची गरज नसते. पंधरा दिवसांनी पाने ओल्या फडक्याने पुसावीत. यंत्रमागाचा कारखाना जवळ असेल तर पानांवर सुताची बारीक लव बसते, तिथे हे आठवड्याला करावे. पानामागे बारीक जाळी आणि पिवळे ठिपके दिसले तर ती कोळी नावाची बारीक कीड, कोरड्या हवेत हमखास येते. देठाच्या बेचक्यात कापसासारखे काही दिसले तर पिठ्या ढेकूण. दोन्हींवर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-तीन थेंब घालून, शनिवारी सगळे गेल्यावर, कुंडी बाहेर नेऊन फवारावे. चिलटे झाली तर समजावे की पाणी जास्त होते आहे.

तीन महिन्यांनी ते चार प्रश्न पुन्हा विचारा आणि मगच सहावी कुंडी आणायची की नाही ते ठरवा. आमच्याकडे डोळ्यांच्या तक्रारीत थोडा फरक पडला, 'नजर आपल्यावर आहे' या तक्रारीत बराच पडला, आणि कोरडेपणाच्या तक्रारीत काहीच पडला नाही.

शेवटचे काम सुट्ट्यांचे. दिवाळीत किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत कार्यालय सलग बंद राहते, तेव्हा किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून वाद नको. जुन्या सोलापुरी टॉवेलची बोटभर रुंदीची पट्टी फाडून ती आधी पूर्ण भिजवावी. तिचे एक टोक मातीत तीन-चार इंच खोचावे आणि दुसरे टोक कुंडीहून थोड्या उंचीवर ठेवलेल्या, झाकण लावलेल्या डब्यात छिद्रातून तळापर्यंत सोडावे. सुती कापड पाणी हळूहळू ओढत राहते आणि आठवडा निभावतो. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांना ही वात लावू नये, त्यांना तेवढी सुट्टी मानवते. टेरीकॉटची पट्टी चालत नाही, ती पाणी ओढत नाही. आम्ही एका दिवाळीत तेही करून पाहिले आहे.